तीन तारा स्टीलच्या

त्रिभुवनकाकांची आणि माझी ओळख लिफ्टच्या दारात झाली. मी आत होते, ते बाहेर. मी बटण दाबून धरलं आणि म्हटलं, "आइए ना." ते म्हणाले, "नहीं नहीं, आप जाइए, मैं जीने से आता हूँ." हातात दुधाच्या पिशव्या, पाठीवर काळ्या कव्हरातली गिटार, आणि जायचं होतं आमच्याही वरच्या मजल्यावर. हिंदीच्या हेलावरून माणूस आपल्याकडचा आहे हे कळलंच. मी सरळ मराठीत विचारलं, "लिफ्टची भीती वाटते का हो?" अनोळखी माणसाला असं कोणी विचारत नाही, पण माझी जीभ तशीच आहे. ते मुळीच ओशाळले नाहीत. "वाटते ना," म्हणाले. "दोरावर लोंबणारी खोली आहे ती, ताई. तुम्हाला कशी वाटत नाही?"

त्या दिवसापासून मलाही ती थोडी थोडी वाटायला लागली.

काका मूळचे नगरचे. ऐन तारुण्यात केंद्र सरकारच्या नोकरीला लागून दिल्लीत आले आणि इथेच राहिले. रूथकाकूही तिकडच्याच; त्या शाळेत शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. आम्ही दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या त्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा काकांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि त्यांच्या भीतींची सगळ्या विंगला माहिती होती. कुकरच्या शिट्टीआधी ते स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. स्कूटर होती, ती विकून टाकली. गोव्याला जाऊन आले, पण समुद्रात घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. आमच्या डोक्यावरून विमानं उतरत असतात. विमान खाली आलं की आवाजामुळे सगळी द्वारकाच बोलता बोलता थांबते, पण काका थांबायचे ते विमान पडेल म्हणून. ते सुखरूप पुढे गेलं की "अच्छा, तर काय सांगत होतो," असं म्हणून वाक्य पुरं करायचे.

हा एवढा भित्रा माणूस गिटार मात्र अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याचं भय पळावं. रविवारी त्यांच्याकडे प्रार्थनेला गाझियाबाद, फरीदाबादहून मराठी कुटुंबं यायची. बायका-पुरुष गीतं म्हणायचे आणि काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून साथ करायचे. खाली आमच्या दिवाणखान्यात गाणं नीट ऐकू यायचं नाही, पण गिटार यायची. गोल, मऊ, जेवणानंतर हळू आवाजात कोणी बोलत बसावं तशी. माझा नवरा संदीप रविवारी सकाळी पेपर वाचायचा सोडून छताकडे बघत बसायचा. तो म्हणायचा, आपण यांना मेंटेनन्स द्यायला पाहिजे.

आमच्या मुक्ताला त्या आवाजापायीच गिटारचं वेड लागलं. आम्ही तिला ऑनलाइन एक गिटार मागवून दिली. त्यावर बऱ्या तारा असाव्यात म्हणून मी आपल्या अकलेने तारांचा एक वेगळा संचही मागवला, चांगला चकचकीत, स्टीलचा. काका पहिल्या दिवशी शिकवायला खाली आले, तो डबा पाहिला, आणि कोणी पाल दाखवावी तसे मागे सरकले.

"या कशाला आणल्या?"

"चांगल्या आहेत ना? रिव्ह्यू बघून घेतल्यात."

"ताई, ही गिटार नायलॉनच्या तारांची आहे. हिच्या दांडीत लोखंडाची सळई नसते. पोटाची फळी पातळ असते. स्टीलची ओढ जवळजवळ दुप्पट. चढवली तर आज काही होणार नाही, उद्याही नाही. ती रोज थोडी थोडी ओढत राहील. आणि एक दिवस हा ब्रिज," त्यांनी तारा अडकवायच्या त्या लाकडी पट्टीवर बोट ठेवलं, "मुळासकट उपटून येईल. पोरीच्या तोंडावर."

मुक्ता म्हणाली, "अंकल, बट स्टील का साउंड तो मस्त होता है ना?"

"होतो ना. स्टील म्हणजे चारचौघांत ठणकावून बोलणारा माणूस. त्याची गिटार वेगळी, हाडंच वेगळी. त्या गिटारीवर तो शोभतो. हिच्यावर नाही."

तो डबा त्यांनी मला बाल्कनीत ठेवायला लावला. घरात नको म्हणाले. सोसायटीतली कॉलेजची पोरं त्यांच्या स्टीलच्या गिटारी सुरात लावून घ्यायला त्यांच्याकडे यायची, तेव्हाचा थाट तर बघण्यासारखा असे. काका आधी डोळ्यांवर उन्हाचा चष्मा चढवत, तारांवर टॉवेल टाकत, मान पलीकडे वळवत आणि मग खुंटी पिळत. तरुणपणी नगरला एक बारीक तार तुटून त्यांच्या भुवईला लागली होती. डोळा थोडक्यात वाचला. भुवईत अजून एक पांढरी रेघ होती. पोरं हसायची, तेही हसायचे, पण टॉवेल काढायचे नाहीत.

मुक्ताला त्यांनी दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच शिकवल्या. एक, डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडेपर्यंत रडायचं नाही. "घट्टे" हा शब्द तिला ठाऊक नव्हता, तो ती त्यांच्याकडून शिकली आणि शाळेत जाऊन पंजाबी मैत्रिणींना शिकवून आली. दुसरी, वाजवताना डाव्या हाताकडे बघायचं नाही. "बोटाला कळतं," ते म्हणायचे. "त्याला डोळे असतात. तू बघितलंस की ते आंधळं होतं." ती वाकून बघायला लागली की ते तिच्या हनुवटीखाली वही धरायचे.

इथपर्यंत मी हसत लिहिलं, कारण इथपर्यंत ते हसण्यासारखंच होतं. पुढची गोष्ट त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची आहे. काकांना शुगर होती, फार जुनी. चहा बिनसाखरेचा आणि खिशात एक गोळी, एवढंच तिचं रूप आम्हाला माहीत होतं.

एका हिवाळ्यात मुक्ता जेवता जेवता थांबली आणि वर बोट करून म्हणाली, "मम्मा, अंकलनी स्ट्रिंग्ज चेंज केल्यात. सुन ना."

मी कान दिला. गाणं तेच होतं, पण वरच्या सुरांना धार आली होती. कोणीतरी मऊ गादीत टाचण्या खोचून ठेवाव्यात तसं ते मध्ये मध्ये टोचत होतं.

"पण ती तर नायलॉनवाली गिटार आहे," मुक्ता म्हणाली. "तेच बोलले होते ना, ब्रिज उखड़ जाएगा."

मी वर गेले. काकूंनी दार उघडलं आणि त्या पोळ्या लाटायला परत आत गेल्या. काका बाल्कनीत उन्हात बसले होते, काचेचं दार ओढून घेतलेलं. मी ते सरकवून बाल्कनीत गेले तेव्हा त्यांनी गिटार थोडी पलीकडे वळवली. लहान मूल खाऊ लपवतं तशी. तरी मला दिसलं. नायलॉनच्या संचात जाड तीन तारा तशाही चंदेरीच दिसतात, त्यांना बाहेरून तार गुंडाळलेली असते. फक्त बारीक तीन पारदर्शक असतात. काकांच्या त्या तीन आता पारदर्शक नव्हत्या, उन्हात चकाकत होत्या. आणि त्यांच्याखाली दांडीच्या काळ्या लाकडावर ओलं काहीतरी पसरलं होतं.

"काका, रक्त आहे ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. शेवटी हाताकडे. मधल्या बोटाचं टोक चिरलं होतं. त्यांना कळलंच नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"बोटांना काही न कळण्याला."

विमान गेलं. काका नेहमीसारखे थांबले, पण या वेळी त्यांनी वर पाहिलं नाही.

"नायलॉनवर बोट टेकलंय की नाही तेच समजेना झालं, ताई," ते म्हणाले. "कापसावर ठेवल्यासारखं. मग या तीन चढवून बघितल्या. स्टील टोचतं. म्हणजे टोचायचं तेवढं टोचत नाही, पण कुठेतरी आहे असं समजतं. तेवढ्यावर चाललंय."

"आणि ही गिटार? तुम्हीच तर सांगितलं होतं."

"तीनच आहेत. सगळ्या सहा नाहीत."

"मग स्टीलची गिटार घ्या ना वेगळी."

"घेतली तर रूथ विचारणार, का घेतली. तिला काय सांगू?" मग एकदम हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "तिला सांगू नका. ती घाबरेल."

मला हसू यायला हवं होतं, या माणसाने दुसऱ्याच्या घाबरण्याची काळजी करावी म्हणून. पण मला माझा साताऱ्याचा मामा दिसत होता. त्यालाही शुगर होती. चपलेत खडा गेलेला त्याला दिवसभर कळला नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि त्यानंतर मामाही फार काळ राहिला नाही. कुकरला, लिफ्टला, विमानाला भिणारा हा माणूस जिथे खरोखर भ्यायला हवं होतं तिथेच निवांत बसला होता. मी म्हटलं, "काका, मला असली गुपितं ठेवता येत नाहीत," आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

काकू पोळी लाटत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"परवा चहाचा स्टीलचा ग्लास त्याने डाव्या हाताने उचलला. वाफाळता. मला पदराशिवाय धरवत नाही, तो धरून उभा राहिला, पेपर वाचत." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "आणि तारा मला दिसत नाहीत का? इतकी वर्षं ऐकतेय मी त्या."

"मग तुम्ही त्यांना थांबवत का नाही?"

"कसं थांबवू? घाबरवून? त्याला घाबरवायला काय लागतं, वैशाली? स्कूटर सोडली, लिफ्ट सोडली, आमच्या भावाच्या लग्नाला विमानाने जायचं म्हणून लग्न सोडलं. मी एकदा म्हटलं ना की बोट जाईल, तर हा गिटार माळ्यावर टाकेल आणि पुन्हा कधी हात लावणार नाही. मग या घरात काय राहील? त्याची ती गॅसची बटणं तपासणं?" त्यांचा आवाज बदलला. "भीती मलाही वाटते. मला तर रोजच वाटते."

थोड्या वेळाने काका बोटाला रुमाल गुंडाळून आत आले. "चाकू लागला," ते म्हणाले.

"चाकू बघून वापरत जा," काकू म्हणाल्या, आणि औषधाचा डबा काढायला गेल्या. दोघं माझ्यादेखत एकमेकांना सांभाळून घेत होती आणि मी मध्ये ठोंब्यासारखी उभी होते.

ती जखम भरली, पण उशिरा. त्यानंतर मला आमच्या घरात बसवेना. वर सूर सुरू झाले की माझे खांदे आपोआप वर जायचे. आता बोट चिरेल, आता ब्रिज उपटेल. संदीप म्हणायचा, यार, तू पण त्रिभुवन झालीस. मधूनमधून मी काही ना काही निमित्त काढून वर जायची आणि आधी त्यांची बोटं बघायची, मग ब्रिज. ब्रिजची मागची कड फळीपासून सुटायला लागली होती. काकांनाही ते ठाऊक होतं. ते एक व्हिजिटिंग कार्ड त्या फटीत सारून बघायचे आणि कार्ड किती आत जातं ते पाहून म्हणायचे, "अजून आहे. नाताळ निघेल." दुसऱ्या कोणाच्या गिटारीत अशी फट दिसली असती तर त्यांनी सोसायटी रिकामी केली असती.

नाताळचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये होता. मराठी मंडळी तर होतीच, पण खालचे पंजाबी, बंगालीही आले होते. थंडी मी म्हणत होती म्हणून कोणीतरी दोन मोठे हीटर आणून लावले होते, एक अगदी वाजवणाऱ्यांच्या शेजारी. काकांनी आल्या आल्या तो पाहिला. लाकूड सुकतं, ब्रिजखालचा सरस सुकतो, हे त्यांनीच मुक्ताला शिकवलं होतं. त्यांनी विचारलं, "इसको थोड़ा उधर करेंगे?" पण शेजारी एक म्हाताऱ्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या, त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि काका गप्प बसले. कोणाला दुखवायचीही त्यांना भीतीच वाटायची.

मुक्ता पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती. ती काकांच्या डाव्या हाताला, खुर्चीला खुर्ची लावून बसली. गाणी सुरू झाली. मी समोर दुसऱ्या रांगेत होते आणि गाणं बिल्कुल ऐकत नव्हते. मला फक्त तो ब्रिज दिसत होता. प्रत्येक झंकाराला तो हलल्यासारखा वाटत होता, आणि काकांचा चेहरा वाजवता वाजवता पांढरा पडत चालला होता. हातांना जे कळत नव्हतं ते कानांना कळत होतं. सूर उतरत होता. त्यांनी एकदा मुक्ताकडे पाहिलं, एकदा ब्रिजकडे, आणि मध्येच वाजवणं थांबवून गिटार स्वतःच्या छातीकडे वळवायला लागले.

तेवढ्यात ती फुटली. फटाक्यासारखा आवाज झाला. बायका ओरडल्या. फळीचा तुकडा घेऊन ब्रिज वर उसळला आणि त्याच्यामागे तारा चाबकासारख्या उडाल्या. त्या क्षणी काकांनी मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत. त्यांचा डावा हात मुक्ताच्या तोंडासमोर होता, पंजा पुरा उघडलेला.

सगळं शांत झाल्यावर ते मुक्ताला विचारत होते, "लागलं का तुला? डोळा बघू. डोळा उघड बेटा." ती रडत "नहीं, अंकल, नहीं" म्हणत होती आणि त्यांच्या हातावरून तिच्या नव्या फ्रॉकवर रक्त ठिबकत होतं. तिला लागलंय असं वाटून ते तिचा गाल पुसत होते. जितका पुसावा तितका तो लाल होत होता. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, "काका, हे तुमचं आहे."

मधलं आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं चिरून उघडी पडली होती. शेजारचं भरत आलं. मधलं भरेना. काळपट पडायला लागलं. हॉस्पिटलच्या बाकावर काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या. डॉक्टर टोक काढावं लागेल म्हणायचे, मग अजून थोडं थांबू म्हणायचे. ते दिवस फार वाईट गेले. मुक्ताने तिच्या गिटारीला हात लावला नाही. शेवटी बोट राहिलं. नख गेलं, टोक बसकं झालं, पण राहिलं. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं की स्टीलचं नाव काढू नका, आणि रोज उजेडात धरून बोटं तपासा, कारण ती स्वतः काही सांगणार नाहीत.

गिटार दुरुस्त करणाऱ्याने ब्रिज बसवून दिला आणि विचारलं, तारा कोणत्या लावू. काका बराच वेळ काउंटरशी उभे राहिले. संदीप त्यांच्याबरोबर गेला होता, त्याने मला हे सांगितलं. दोन्ही संच समोर होते. काकांनी स्टीलच्या पाकिटावरून उजव्या हाताचं बोट फिरवलं, मग म्हणाले, "नायलॉन दे दीजिए. पता तो नहीं चलेगा, लेकिन दे दीजिए."

आणि मग त्यांनी ते सुरू केलं. समोरच्या स्टुलावर काकूंचा केस विंचरायचा आरसा उभा करायचा आणि त्यात डावा हात बघत वाजवायचं. बोट कुठे आहे हे बोटाला कळत नव्हतं, तर ते डोळ्यांनी सांगायचं. मुक्ताच्या हनुवटीखाली वही धरणारा हा माणूस आरशावरून नजर हलवत नव्हता. चुका व्हायच्या. पहिल्यासारखं नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण आवाज पुन्हा मऊ झाला होता आणि मुक्ता पुन्हा त्यांच्याशेजारी जाऊन बसायला लागली होती.

एकदा मी चहा घेऊन गेले तर वाजवणं थांबवून ते आरशाकडे बघत होते.

"ताई, एक भीती वाटते," ते म्हणाले. "यात मला चार बोटं दिसतात. मी सांगतो तिकडे जातात. पण ती माझी आहेत असं आतून काही येत नाही. एक दिवस यातलं एखादं नसेल, आणि मला ते आरशानेच सांगावं लागेल."

मी चहा त्यांच्या उजव्या हातात दिला.

डॉक्टरांनी सांगितलेलं तपासणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. वाजवताना हात बघणं वेगळं आणि जखम शोधायला बघणं वेगळं. काकू सुरुवातीला बॅटरी घेऊन बसायच्या. बॅटरी दिसली की काकांचा हात खिशात जायचा, बीपी चढायचं, मग घरभर गॅसची बटणं आणि दाराच्या कड्या तपासत हिंडायचे, आणि दोन दोन दिवस गिटार कव्हरातच राहायची. काकूंनी बॅटरी ठेवून दिली. मला म्हणाल्या, "सोडून दिलं मी. आता काही बघत नाही." मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, असं कसं सोडून देता, तर त्या पोळपाट धूत राहिल्या.

काका निवृत्त झाले आणि त्यांनी नगरला परत जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक दुपारी आला. काका हमालांच्या मागे मागे जिन्यावरून खालीवर करत होते, "भैया, संभल के, आपका पैर देख के," असं सांगत, जणू सामानापेक्षा हमालच फुटायचे होते. गिटार त्यांनी ट्रकला दिली नाही. ती रेल्वेत त्यांच्याजवळ बसणार होती.

सगळं गेल्यावर आम्ही तिघं वर गेलो. घर रिकामं, बोललं की आवाज घुमत होता. काका म्हणाले, "निघण्याआधी प्रार्थना करू. तुम्हाला चालेल ना?" संदीप म्हणाला, "बिल्कुल, काका." त्यांच्याकडे प्रार्थनेला हात धरायची पद्धत आहे. आम्ही दिवाणखान्यात गोल उभे राहिलो. काकांच्या उजव्या हाताला मुक्ता, डाव्या हाताला काकू, त्यांच्या पलीकडे संदीप, आणि मी काकांच्या बरोबर समोर. सगळ्यांनी डोळे मिटले.

काकांची प्रार्थना लांबली. त्यांनी शेजाऱ्यांसाठी आभार मानले, मुक्तासाठी मानले. मग मागणं सुरू झालं. ट्रक सांभाळ. ट्रकवाल्याला झोप येऊ देऊ नकोस. गाडीचे रूळ सांभाळ. मागे राहणाऱ्यांना सांभाळ, त्यांच्या लिफ्टला सांभाळ. मला हसू आलं आणि मी डोळे उघडले. तसंही मला फार वेळ डोळे मिटून उभं राहता येत नाही.

काकूंनी संदीपचा हात सोडून काकांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा काकांच्या बोटांवरून फिरत होता. आधी करंगळी. टोकाला, कडेला, नखाच्या खाली, अगदी सावकाश. मग तिच्या शेजारचं. फिरवणं इतकं सराईत होतं की हे रोज होतंय, रोजच्या प्रार्थनेत होतंय, हे मला बघताक्षणी कळलं. बॅटरी नको, उजेड नको. काकांचे डोळे मिटलेले असायचे, आणि बोटांना काही कळत नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांना याचा पत्ताच लागला नव्हता.

अंगठा मधल्या बोटावर आला. टोकापर्यंत गेला आणि थांबला. मागे आला. पुन्हा त्याच जागी गेला आणि तिथे जरासा दाबला.

काकूंनी डोळे उघडले. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली, किंचित, बोलू नकोस म्हणून.

काका म्हणत होते, "...आणि आम्हा दोघांना सुखरूप घरी पोचव. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि हात सोडले. काकांनाही वाटलं की आपला हात सुटला. ते मुक्ताकडे वाकून, वाजवताना आता हाताकडे बघितलंस तरी चालेल, असं काहीतरी सांगायला लागले. काकूंनी ते मधलं बोट सोडलेलं नव्हतं.